देवीची नोंद

कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावी साठी ओलांडलेल्या माणसाच्या दंडावर देवी टोचल्याचा गोल वण बहुधा सापडतो, त्याच्या मुलांच्या दंडावर सापडत नाही; बाप आणि लेक यांच्यामधल्या एवढ्याशा अंतरात, शतकानुशतके मानवजातीस छळणारी एक व्याधी निर्मूल झाली. या पराक्रमाचे सारे श्रेय लसीच्या पदरी टाकण्याचा आपला परिपाठ मला अपुरा वाटतो.

कारण लस या मुलखाजवळ फार लवकर आली होती. जेन्नर यांनी 1796 मध्ये सिद्ध केलेली गाईच्या देवीची लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईस पोहोचली आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. तिच्या फोडातील द्रव्य दुसऱ्या मुलास, त्याच्या फोडातील तिसऱ्यास, अशा रीतीने लेकरांच्या दंडांवरून प्रवास करीत लस हिंदुस्थानभर गेली. (ॲना वगळता त्या लेकरांची नावे आज कोणाच्या मुखी नाहीत.) मुंबई शहरात 1877 मध्ये टोचणी सक्तीची करणारा कायदा झाला, पिशोर 1948 पर्यंत निजामाच्या अमलात असल्याने तो हुकूम येथे चालत नव्हता, परंतु जेथे चालत होता त्या मुंबईतूनही देवी हटल्या नाहीत. लस होती, कायदा होता, तरी पावणेदोनशे वर्षे का लागावीत?

एक कारण उन्हाळ्यात आहे. साथ जोर धरी ती कोरड्या दिवसांत, आणि त्याच उष्म्यात द्रवरूप लस निर्वीर्य होई, त्यामुळे इमानाने टोचलेलेही वाया जाई. गोठवून शुष्क केलेल्या लसीने ही अडचण दूर केली. कातडीत फिरवायच्या क्लेशदायक चक्रीची जागा पुढे दुतोंडी सुईने घेतली.

दुसरे कारण दफ्तरात आहे, आणि माझ्या मते तेच मुख्य. 1962 मध्ये राष्ट्रीय मोहीम निघाली, तेव्हा उद्दिष्ट ठरले ते टोचलेल्या माणसांच्या संख्येचे. संख्या भरायची तर शाळेत एका ओळीत उभी राहणारी, आधी टोचलेली मुले पुन्हा टोचणे सर्वांत सोयीचे. तान्ही मुले आणि मजुरीसाठी हिंडणारी कुटुंबे सुटून जात. रकाने भरले, रोग मात्र राहिला. शिवाय हद्दीत रोगी सापडणे हा अंमलदाराच्या कारकिर्दीवरील डाग, म्हणून वर्दी दडपण्याकडेच कल असे.

1973 नंतर ही दृष्टी पालटली. देवी केवळ मनुष्यासच होतात, अंगावर उघड दिसतात, आणि संसर्गानंतर काही दिवसांत टोचले तरी बचाव होतो. तेव्हा सर्वांना टोचीत बसण्यापेक्षा रोगी हुडकून त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचणे, हा मार्ग विल्यम फेगी या अमेरिकी वैद्यांनी नायजेरियात पडताळला होता. येथे घरोघर तपासणी झाली, वर्दी देणाऱ्यास इनाम लागले. ज्या मजकुराची दफ्तराला धास्ती होती, तोच आता दाम देऊन मागवला जाऊ लागला. बिहारातील 1974 च्या भीषण साथीत नोंदलेल्या रोग्यांचे आकडे भयंकर फुगले; टीकाही झाली, परंतु आकडे आता खरे होते.

भारतातील अखेरचा रोगी 24 मे 1975 रोजी आसामात करीमगंज येथे आढळला. त्यानंतरही तपासणी थांबली नाही. इनामाची रक्कम वाढवून एक हजार रुपये करण्यात आली, आणि एप्रिल 1977 मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त ठरविला तोवर ते हजार रुपये नेण्यास पात्र असा कोणीही पुढे आला नव्हता.