डबक्यातून जाणारी वाट

भिजलेल्या पायवाटेवर मध्ये डबकं दिसलं, की आपला पाय आपोआप कडेच्या गवतावर पडतो. बूट कोरडे राहतात. मागून येणाराही आपल्याच पावलावर पाऊल ठेवतो. यात कुणाचं काही चुकलं असं वाटतसुद्धा नाही.

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर मात्र या एका पावलाची फार काळजी करतात. तिथल्या दऱ्या आणि तळी हिमनद्यांनी कोरलेली. तो बर्फ जाऊन अकरा-बारा हजार वर्षं झाली, तरी उंचावर खडकावरचा मातीचा थर अजून पातळच आहे. त्यात पाऊस दांडगा. सीथवेट नावाच्या छोट्या वस्तीत वर्षाला तीन मीटरहून अधिक पडतो. स्काफेल पाइक, हेल्वेलिन अशा शिखरांवर माणसांची रीघ लागते. कडेचं गवत तुडवलं जातं, मरतं. मुळं सुटली की माती मोकळी होते आणि पावसाचं पाणी तिला घेऊन खाली धावतं. घळ पडते. मग लोक घळही टाळतात आणि आणखी बाहेरून चालतात. एकेकट्याने जायची वाट अशाने बैलगाडीच्या रस्त्याएवढी रुंद होते.

2001 पासून ‘फिक्स द फेल्स’ हा उपक्रम या वाटा दुरुस्त करतो आहे. जड दगड हेलिकॉप्टरने वर नेतात आणि हाताने एकेक बसवतात. पण मला त्यांचं दुसरं, साधं काम जास्त आवडतं. पाणी वाटेबाहेर काढायला जागोजागी आडव्या दगडी मोऱ्या केलेल्या असतात. त्या खडी-मातीने बुजतात. स्वयंसेवक फावडी घेऊन डोंगर चढतात, मोऱ्या उपसतात आणि उतरतात. पुढच्या पावसानंतर पुन्हा तेच. येणाऱ्यांना ‘येऊ नका’ असं कुणी म्हणत नाही. वाटेवरूनच चाला, मध्ये पाणी असलं तरी, एवढीच विनंती. (बूट संध्याकाळी वाळतात. त्या उंचीवरचं गवत परतायला वर्षं लागतात.)

सगळ्यांच्या म्हणून असलेल्या जागांवर अशी डबकी आपल्यालाही रोज भेटतात. ऑफिसातल्या प्रिंटरचा कागद संपलेला दिसला, की आपण मुकाट्याने पलीकडच्या प्रिंटरकडे वळतो. त्यात आळसापेक्षा घाईच जास्त असते. आज तसं काही समोर आलं तर वळू नये, कपाटातून गठ्ठा काढून भरून टाकावा. मागे उभं असलेलं कुणीतरी फार तर विचारेल, “अरे वा, झाला का चालू?”