‘कॉलिंग’: हाक आणि हाक मारणारा

‘जॉब’, ‘करिअर’, ‘प्रोफेशन’ आणि ‘कॉलिंग’ हे इंग्रजी शब्द आज एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असले, तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘जॉब’ म्हणजे मुळात कामाचा एक सुटा तुकडा, ‘करिअर’ हा फ्रेंचमार्गे आलेला शब्द शर्यतीच्या मार्गाचा, तर ‘प्रोफेशन’ हे आरंभी मठात प्रवेश करणाऱ्याने उघडपणे घेतलेल्या व्रताचे नाव होते. ‘कॉलिंग’ म्हणजे हाक, आणि ती ईश्वराची असते हे त्या शब्दात गृहीत होते; त्यामुळे हाक मारणाराच मानला नाही तर हाकेचे बंधन कशाच्या आधारावर उरते, हा प्रश्न या शब्दाला चिकटूनच येतो.

मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात अशी हाक प्रामुख्याने धर्मगुरू आणि मठवासी यांनाच येते, असे मानले जाई. चांभार जोडे शिवी, पण त्याला बोलावणे आलेले नसे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हा भेद मोडून ‘बेरूफ’, म्हणजे बोलावणे, हा जर्मन शब्द सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवसायालाही लावला, आणि माक्स वेबरने १९०४-०५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात भांडवलशाही मनोवृत्तीचा एक धागा याच शब्दापर्यंत मागे नेला. इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन्स या केंब्रिजच्या प्युरिटन, म्हणजे चर्चचे अधिक शुद्धीकरण मागणाऱ्या पंथाच्या, धर्मशास्त्रज्ञाने हाकेचे दोन प्रकार सांगितले: ख्रिस्ती होण्याची हाक सर्वांना सारखी, आणि व्यवसायाची हाक ज्याची त्याला वेगळी, तीही समाजाच्या हितासाठी. या विचाराने हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाला प्रतिष्ठा दिली खरी, पण ज्याने त्याने आपापल्या जागीच राहावे, हा उपदेशही त्याच्या पोटात होता. स्वधर्माच्या चर्चेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही अडचण नवी वाटणार नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये घेतलेला आक्षेप नेमका याच ठिकाणी लागू पडतो.

शब्द आपले मूळ कसे विसरतात, याचा आणखी बोलका नमुना म्हणजे ‘अकराव्या तासाला’ हा इंग्रजी वाक्प्रचार. मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळताना, अकराव्या तासाला, आलेल्या मजुरांनाही दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी देतो, आणि मग न्याय म्हणजे कष्टांचे मोजमाप की धन्याचे औदार्य, असा पेच उभा राहतो. इंग्रजीने त्यातला उशीर तेवढा उचलला आणि मजुरी मळ्यातच सोडली. (‘टॅलेंट’ हेही त्याच शुभवर्तमानातील एका दृष्टान्तामुळे वजनाच्या व रकमेच्या मापावरून गुणवत्तेकडे वळले.)

‘कॉलिंग’चे याहून वाईट झाले आहे. पर्किन्सच्या मांडणीत हाक मारणारा ईश्वर कामगाराप्रमाणे मालकाकडूनही जाब मागत होता. तो वगळल्यावर त्याग फक्त काम करणाऱ्याकडूनच मागितला जातो, आणि परिचारिका किंवा शिक्षक वेतनाचा विषय काढू लागले की त्यांना हाच शब्द ऐकवला जातो. ज्याला ईश्वर मानायचा आहे त्याने ‘कॉलिंग’ म्हणावे. ज्याला फक्त माणूस कामावर ठेवायचा आहे, त्याच्या तोंडी ‘जॉब’ हाच शब्द प्रामाणिक आहे.