किंमत दिसत नाही, तरी कळते कशी?

रावेर-यावलकडची केळीची बाग कर्जासाठी तारण ठेवायची म्हटली की बँकेचा व्हॅल्युअर बांधावर येतो. त्याला माती दिसते, विहीर दिसते, ठिबकच्या नळ्या दिसतात. किंमत कुठेच दिसत नाही. मग ती त्याला कळते कशी?

ज्ञान कशाला म्हणावं, ही चर्चा खान्देशाला नवी नाही. प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं ते १९१६ साली. न्यायदर्शनाने सांगितलेली प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायची साधनं, बांधावरही उपयोगी पडतात. प्रत्यक्ष म्हणजे स्वतः जाऊन पाहणं. मदतनिसाने मोबाइलवर पाठवलेले फोटो म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. चतुःसीमा सातबाऱ्याशी आणि गट नकाशाशी जागेवरच ताडून पाहायला हवी.

शेजारच्या गटाच्या खरेदीखतावरून भाव काढणं हे अनुमान, आणि खरी परीक्षा इथे आहे. खत भावाभावांतलं असेल, देण्यापायी घाईत केलेलं असेल, किंवा मुद्रांक शुल्क वाचवायला रक्कम कमी दाखवलेली असेल, तर तो हेत्वाभासच, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण फसवं कारण. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकत्र येतात. तिथल्या रस्त्यालगतच्या लहान प्लॉटचा भाव मागच्या अख्ख्या शेताला लावण्याचा मोह मोठा. पुण्यातल्या जमिनीच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली हा हिशोब स्पष्ट केला: मोठ्या क्षेत्रातून रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते, म्हणून लहान प्लॉटच्या भावातून साधारण २० ते ५० टक्के वजावट करायला हवी.

आता शब्द हे प्रमाण, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. ‘पलीकडचा गट एवढ्याला गेला,’ असं मालक सांगतो. तो खोटंच बोलतो असं नाही. पण ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो आहे तसं सांगू इच्छितो तोच आप्त, आणि कर्ज हवं असलेला माणूस या व्याख्येत सहज बसत नाही. रेडी रेकनरचा दरही मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला असतो. तो उतरवून घेतला म्हणजे मूल्यांकन झालं, असं मानणं हा निव्वळ आळस आहे.

म्हणून पाहिलेलं, ऐकलेलं आणि कागदावर वाचलेलं वेगवेगळं टिपून ठेवणं ही या धंद्यातली सर्वांत मोलाची सवय. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतली आचारसंहिताही निर्णय, त्यामागची कारणं आणि पुरावे त्या त्या वेळीच लिहून ठेवायला सांगते. मूल्यांकन फक्त कर्जासाठीच होत नाही, भूसंपादनातही होतं, आणि त्याचे दावे वर्षानुवर्षं चालतात. उलटतपासणीत वकील आकडा कुठून आला हे विचारतो, तेव्हा शेतकऱ्याच्या मोबदल्याची बाजू याच टिपणावर उभी असते.