तानशाचे उदक

बद्रीकेदार करून येणारी आपली मंडळी वाट जरा वाकडी करून नैनीताल पाहून येतात. डोंगराच्या कुशीतले तळे, काठावर नैनादेवीचे देऊळ, पाण्यात होड्या. घरी आल्यावर कौतुकाने सांगतात. त्या सरोवराची कथा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अत्रि, पुलस्त्य आणि पुलह हे तीन ऋषी तिथे आले, तहान लागली, पाणी कुठे दिसेना. तेव्हा त्यांनी खळगा खणला आणि मानससरोवराचे पाणी त्यात आणले. म्हणून ते त्रिऋषिसरोवर. ज्यांना तहान लागली त्यांनीच खणले, आणि खणले तिथेच ते प्याले, एवढे यातले ध्यानात ठेवावे.

आता आपल्या ठाणे जिल्ह्यातला तानसा घ्या. शहापूर तालुका, जवळ माहुलीचा किल्ला, भोवती सागाचे रान. १९७० पासून ते अभयारण्य आहे. १८९२ साली पुरा झालेला तो दगडी बांध पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब. पावसाळ्यानंतर तिथे उभे राहिले तर नैनीतालला कशाला जावे, असेच वाटेल. पण इथे तहान लागली ती मुंबईला. तळे डोंगरात आणि पिणारे शंभरेक किलोमीटरवर. पाणी मोठमोठ्या नळांतून उताराने शहराकडे जाते. पुढे त्याच तालुक्यात भातसा धरण झाले, त्याचेही बहुत पाणी तिकडेच. आणि वैशाख आला की याच शहापूर तालुक्यातल्या कितीक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. बायाबापड्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात, वाटीवाटीने हंडा भरतात. त्या तीन ऋषींचेच काम म्हणा की! फक्त यांच्यासाठी मानससरोवर काही येत नाही.

मग असे पाणी पिणे पाप काय? मला तसे वाटत नाही. मुंबईची तहान खोटी नाही. गिरणगावात घाटावरचे, कोकणातले आपलेच लोक पोटासाठी गेले, चाळीचाळींतून भजनी मंडळे उभी केली, ते याच पाण्यावर जगले. तहानेल्याला पाणी मिळाले, यात दोष कसला?

पण ते दान आहे, असे म्हणू लागलात तर मात्र थांबा. दानात देणारा आपल्या हाताने उदक सोडतो आणि 'न मम' म्हणतो. आपल्या मराठीत हक्क सोडला याला 'उदक सोडले' म्हणतात, ते इथूनच. सरकारी हुकमाने घेतलेल्या वस्तूला हा संकल्प कुठला? पाड्यावरच्या माणसाने पाण्यावर उदक सोडलेलेच नाही. म्हणजे घेणाऱ्याकडे ते ऋण झाले. दानाचे उपकार मानून सुटता येते, ऋण फेडावे लागते.

शास्त्रात तळे खणून भागत नाही, त्याचा उत्सर्ग करावा लागतो. नीलकंठ भट्टांनी (मूळ घराणे आपल्या पैठणचे बरे का!) सतराव्या शतकात काशीत या विधीवर 'उत्सर्गमयूख' हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. उत्सर्ग झाला की पाणी धन्याचे राहत नाही, सर्व भूतांचे होते. त्या सर्व भूतांत काठावरचा ठाकूर, वारली, कातकरी येत नाही काय? त्यांचे गुरू येत नाही काय?

कोणी म्हणेल, बुवा, लाखांची तहान मोठी की शंभर घरांची? नाथमहाराजांची कावड आठवा. गंगेचे पाणी निघाले होते रामेश्वराला. वाटेत वाळवंटात गाढव तडफडत होते, नाथांनी कावड तिथेच रिकामी केली. रामेश्वर लहान होता म्हणून नव्हे. तहान डोळ्यांपुढे होती म्हणून. मुंबईचे नळ तोडा असे मी म्हणत नाही. काठावरच्या पाड्याचा हंडा आधी भरावा, आणि तो मेहेरबानी म्हणून नव्हे, त्याच्या हक्काने.

हे सगळे मुंबईकरांनीच ऐकावे असेही नाही. आषाढीला चंद्रभागेत पाणी असावे म्हणून वर उजनीतून पाणी सोडतात. त्या उजनीच्या पोटात पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ आहे. पाणी उतरले की शिखर वर दिसते. गावेच्या गावे उठून गेली तेव्हा ते धरण भरले. तेच पाणी ओंजळीत घेऊन आपण स्नानाचा संकल्प सोडतो. त्या संकल्पात देश येतो, काल येतो, आपले गोत्र येते. उठून गेलेल्या गावाचे नाव घालायला कोणत्या शास्त्राने मना केले आहे?