भूतदया आणि घरचा उंबरा

वारकऱ्याने कुत्रे पाळावे काय? प्रश्न ऐकून पुष्कळांना हसू येईल. जो सर्वांभूती भगवंत पाहू म्हणतो त्याला ही शंका पडावीच का? आम्हांसही २०२५ सालच्या आषाढीपर्यंत असेच वाटे. चाळीस वर्षे कीर्तन करतो आहो. नामदेवरायांची भाकरी घेऊन पळणारे कुत्रे आणि त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव हा प्रसंग किती गावी सांगितला त्याची गणती नाही. श्रोते माना डोलवतात, आम्हीही डोलवतो. परंतु तोच प्रश्न गादीवरून उतरून आमच्या ओसरीवर येऊन बसला, तेव्हा मात्र तोंडचे पाणी पळाले.

झाले ते असे. त्या वारीत बरडचा मुक्काम हलला आणि एक तांबूस पिल्लू आमच्या दिंडीच्या मागे लागले. नऊ वर्षांचा नातू बरोबर होता. पिल्लाला चालवेना तेव्हा त्याने ते उचलून सामानाच्या ट्रकात ठेवले. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे करीत पिल्लू पंढरीस पोचले. काल्यानंतर त्याला वाळवंटात सोडून येण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. घरी आणले.

दारात अक्का उभी. अक्का म्हणजे आमची थोरली बहीण, आम्हांहून आठ वर्षांनी मोठी. वैधव्य आल्यापासून आमच्याच घरी असते. तिने पिल्लाकडे पाहिले आणि म्हणाली, "हे आत यायचं नाही." एवढेच. पिल्लू शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेले आणि वाद आमच्या घरात राहिला.

अक्काचे आक्षेप एकामागून एक आले. पहिला सोवळ्याचा. देवघर, तुळशीवृंदावन, स्वयंपाकघर, यांत कुत्रे फिरले तर आचार कसा राहावा? आमचे शिक्षण पाठशाळेतले, तेव्हा आम्ही लगेच पोथ्यांतून उत्तर काढले. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पोर आले, ते त्याच्या भावांनी मारले. पोराने हविष्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमा येऊन विचारती झाली की माझ्या लेकराचा अपराध कोणता? उत्तर कोणापाशी नव्हते, आणि नकळत भय येईल असा शाप राजाला मिळाला. मनुस्मृतीतही वैश्वदेवानंतर कुत्र्यांचा वाटा सांगितला आहे, आणि तो फेकायचा नाही, हळूच भूमीवर ठेवायचा. हे सारे आम्ही अक्काला ऐकविले. ती शांतपणे म्हणाली, "अरे, पण तो वाटा बाहेरच ठेवायचा ना? आणि त्या पोरानं हवी चाटलं असतं तर?" खरे सांगायचे तर ग्रंथाचा रोख तिने आमच्यापेक्षा नीट पकडला होता. सरमेच्या तक्रारीतच ती मर्यादा गृहीत आहे. निरपराध्याला मारू नये हे त्या कथेतून निघते. त्याला यज्ञशाळेत घ्यावे असे काही निघत नाही.

दुसरा आक्षेप जडभरताचा. हा कोणीही वारकरी काढीलच. राज्य सोडून वनात गेलेला भरत राजा सिंहाच्या गर्जनेने भेदरून प्रवाहात उडी घेतलेल्या हरिणीचे पाडस वाचवितो, वाढवितो, आणि अंतकाळी त्याच्याच ध्यासाने हरिणाच्या जन्मास जातो. अक्का म्हणे, "तुझं वय काय, त्या पिल्लाचं वय काय? नामस्मरणाच्या वयात गळ्यात हे लोढणं?"

यावर आमचे मत आजही असे आहे की, भागवतकार पाडस वाचविल्याबद्दल भरताला दोष देत नाहीत. दोष पुढचा आहे. पाडसाला कुरवाळता कुरवाळता त्याचे नियम एकेक करून सुटले, पूजा सुटली. वाहत्या पाण्यातून जीव काढणे ही दया आणि त्याच्यावाचून चैन न पडणे हा मोह, दोहोंची सीमा कोठे हे प्रत्येकाने आपले आपण पाहावे. काकडा चुकला की समजावे, सीमा ओलांडली. बाकी एक जीव सांभाळल्याने स्मरण मोडते म्हणावे तर प्रपंचातली नातवंडे काय कमी स्मरण मोडतात!

वयाचा मुद्दा मात्र आम्हांला टोचला. कुत्रे दहा-चौदा वर्षे जगते. आम्ही साठी ओलांडून पुढे आलेले. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

श्रावणात एका गावी सप्ताहात आम्ही युधिष्ठिराचे आख्यान लावले. महाप्रस्थानाच्या वाटेवर भाऊ आणि द्रौपदी एकेक करून पडली, एक कुत्रे तेवढे मागे चालत राहिले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रे ठेवणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराज म्हणाला, जो भक्त होऊन मागे आला त्याला टाकणार नाही. इंद्राने टोचले की भावांना टाकलेस, पत्नीला टाकलेस, मग याला का नाही? त्यावर उत्तर असे की, ती मेली होती, जिवंतपणी मी त्यांना टाकले नाही. सभामंडप गहिवरला. आम्हीही गहिवरलो, आणि त्याच क्षणी ध्यानी आले की आमचे पिल्लू शेजाऱ्यांच्या गोठ्यात बांधलेले आहे!

परतीच्या एस.टी.त हाच विचार. धर्मराजाने कुत्रे टाकले नाही ते योग्यच. पण त्या वाटेवर त्याच्याजवळ उरले कोण होते? ज्याच्या पानात विटाळ कालवेल, ज्याच्या झोपेत भय शिरेल, असे घरचे माणूस एकही नव्हते. त्या वाटेवर कोणी अक्का नव्हती. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले ती स्वतःच्या भाकरीमागे धावले. आणि आम्ही? आषाढीला आमचे अठरा-वीस दिवस वाटेवर, कार्तिकीला पुन्हा पंढरी, मधल्या काळात सप्ताह. मागे भाकरी घालणार सूनबाई, घाण काढणार सूनबाई, आणि ओसरीवर जीव मुठीत धरून बसणार अक्का. दया आमची आणि तिचा खर्च दुसऱ्याच्या नावावर! हा शंकेचा खरा गाभा आम्हांला इतक्या उशिरा दिसला. प्रवचनकाराला आपल्या घरातले शेवटी दिसते, हा जुनाच रोग.

घरी आल्यावर पोथी बाजूला ठेवून अक्काला सरळ विचारले, "अक्का, तुला भीती कशाची वाटते?" बराच वेळ ती वाती वळत राहिली. मग बोलली. ती दहा वर्षांची असताना तिने एक पिल्लू घरी आणले होते. जिन्याखाली लपवून दूध पाजी. ते आमच्या आत्याच्या मुलाला चावले. चावा लहानसा होता. घरच्यांनी त्यावर तिखट भरले, कोणा मांत्रिकाकडे नेऊन आणले. दोन महिन्यांनी पोराला पाणी पाहवेना. तो गेला. आम्ही तेव्हा रांगत-चालत होतो, आम्हांला काही आठवत नाही. ते पिल्लू अक्काने आणले होते हे तिने साठ वर्षांत कोणाला सांगितले नव्हते.

आम्ही तिची कूस शास्त्रार्थाने मोडीत होतो आणि तिच्या मनात ते पोर होते.

यापुढे आम्ही दृष्टांत दिला नाही. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आलो. पिसाळण्याचे लक्षण एकदा माणसात दिसले की बहुधा कोणी वाचत नाही, हे अक्काचे भय अक्षरशः खरे आहे. पण चावल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिखट-हळद काही भरू नये, आणि त्याच दिवशी लस घ्यावी, म्हणजे रोग टळतो. पूर्वी पोटात चौदा सुया घेत. आता दंडात मोजक्याच घेतात. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस, मग पुन्हा एक, पुढे दरसाल. यात वर्ष चुकवायचे नाही. दत्तक घेण्याविषयीही तिथेच कळले. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात असे आहे की, रस्त्यावरचे कुत्रे ज्याने दत्तक घेतले त्याने ते पुन्हा रस्त्यावर जाऊ न देण्याची जबाबदारी पत्करावी. आम्हांला हे धर्मराजाच्या उत्तराइतकेच पटले. हौसेने आणून वारीच्या आदल्या दिवशी सोडून देणारे आम्ही पाहिलेले आहेत.

हे सर्व अक्कापुढे मांडले आणि म्हटले, "तू नको म्हणशील तर दुसरं घर शोधू. रस्त्यावर टाकणार नाही, आणि तुझ्यावरही लादणार नाही." तिने दोन दिवस घेतले. मग अटी सांगितल्या. सुई टोचल्याशिवाय अंगणात नाही. देवघर आणि स्वयंपाकघर वर्ज्य. आणि तिसरी, "तू वारीला गेलास की याचं कोण बघणार ते नाव आधी सांग. माझं नको, सुनेचंही नको."

नाव शोधायला महिना लागला. शेवटी गोठेवाल्या शेजाऱ्यांचा थोरला मुलगा तयार झाला. त्याच्या बदल्यात त्यांच्या म्हशीची धार दिवाळीत आम्ही काढायची असे ठरले, आणि ती आम्ही काढली.

पिल्लू आता ओसरीच्या पायरीशी असते. लसीच्या तारखा अक्काने पंचांगात एकादश्यांच्या शेजारी शाईने लिहिल्या आहेत. दवाखान्यात ती आमच्याबरोबर आली होती. बाहेर उभी राहिली, पण सुई टोचल्याचे आपल्या डोळ्यांनी पाहिले मगच हलली. तिने अजून त्याला हात लावलेला नाही. आम्हीही तिला लाव म्हटलेले नाही.