त्याचे कान बघा

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. पारखी गिऱ्हाईक घोड्याभोवती फिरून आधी अंगावरचे भोवरे बघते. देवमण हा शुभ भोवरा आहे का, घोडा पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला आहे का, मग दात, मग पाय, मग चाल. दात आणि पाय तर बघायलाच हवेत. पण परका माणूस जवळ गेला तेव्हा त्या घोड्याचे कान कुठे वळले, इकडे किती जणांचे लक्ष असते? माझ्या मते ती पहिली पारख. भोवरा जन्मभर जागचा हलत नाही. कान मात्र क्षणाक्षणाला सांगत असतात की घोडा आत्ता कुठे बघतोय, कशाला भितोय, तुम्हाला जवळ येऊ देणार आहे की नाही.

घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याची सगळी समज त्यातूनच घडली आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवताही त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते दोनच ठिकाणी: कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे. आपण नेमके समोरून जाऊन कपाळावर थाप मारतो, म्हणजे दिसेनासा झालेला हात एकदम अंगावर येतो. म्हणून जावे ते खांद्याच्या बाजूने, हलकेच बोलत. शिवाय उन्हातून अंधारात गेल्यावर त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तबेल्याच्या दारात घोडा अडला की लगाम ओढली जाते, शिवी दिली जाते. त्याला मात्र आत काय आहे ते अजून दिसलेलेच नसते.

त्याला आपल्यातले किती दिसते, याचा पुरावा बर्लिनमध्ये मिळाला. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे टाप आपटून देई. 1904 मध्ये जाणकारांच्या समितीने तपासले. लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्स चुके. विचारणारा दिसेनासा केला की हान्स चुके. प्रश्न विचारून झाल्यावर माणूस नकळत किंचित पुढे झुके, बरोबर आकड्यावर टाप पडली की त्याचे डोके केसभर वर होई, आणि हान्स थांबे. हे कळल्यावरही फुंग्स्टना स्वतःची ती हालचाल पुरती आवरता आली नाही.

लोकांनी यावरून घोड्याला गणित येत नाही एवढेच घेतले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. मालकाला स्वतःलाही न जाणवणारी मानेची हालचाल जो प्राणी टिपतो, त्याच्यापासून आपली चिडचिड, घाई आणि भीती लपणार कशी? रिकिबीत पाय घालण्याआधी आपला श्वास, खांदे आणि मूठ त्याच्यापर्यंत पोचलेली असते. घोडा बुजला की आपण लगाम आवळतो. मग त्याला कळते की भिण्यासारखे खरोखरच काहीतरी आहे. झेनोफन या ग्रीक सेनानीने सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर लिहिताना बजावले आहे की रागाच्या भरात घोड्याशी वागू नये. बुजलेल्याला मारले तर ज्याला तो बुजला त्याचीच भीती वाढते. आजही कितीतरी ठिकाणी बुजलेल्या घोड्यावर पहिला चाबूकच उगारला जातो. याचे मला मनापासून दुःख होते.

घोड्याला ओढल्याने कळत नाही, सोडल्याने कळते. लगामीला हलका ताण दिला आणि त्याने एक पाऊल टाकताच त्याच क्षणी ताण सोडला, की हे बरोबर होते असे त्याला समजते. सोडायला उशीर केला की तो भलतेच शिकतो: मान झटकली की ताण सुटतो, हेही. चांगल्या मोतद्दाराच्या हातात ताकदीपेक्षा ही वेळ साधलेली असते.

आणि एक गोष्ट फसवी आहे. घाबरलेला प्रत्येक घोडा उधळत नाही. काही थिजतात. मार खाऊन, पळून उपयोग नाही हे पटलेला घोडा मुकाट उभा राहतो आणि आपण कौतुकाने म्हणतो, किती गरीब आहे! जवळून बघा: हनुवटी आवळलेली, नाकपुड्या ताणलेल्या, कान ताठ, डोळ्यांवरची कातडी ओढलेली. निवांत घोड्याचा खालचा ओठ सैल असतो, एक मागचा पाय तो आळसावून टेकवतो, कान बाजूला सैल पडतात, आणि तुम्ही बोललात की त्यातला एखादा तुमच्याकडे वळतो.

माथेरानला दस्तुरीपासून पुढे खासगी मोटारी जात नाहीत, घोडे जातात. तिथे मुलाला घोड्यावर बसवण्याआधी दोन मिनिटे थांबा. घोडेवाल्याला घोड्याचे नाव विचारा, त्याच्या सवयी विचारा. घोडेवाल्याला जे माहीत असते ते पुस्तकात नसते. मुलाला खांद्याच्या बाजूला उभे करा. आयाळ संपते तिथे, खोगिराच्या जरा पुढे, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. मुलाचा हात तोंडाकडे नेण्याऐवजी तिथे ठेवा. आणि कान चपटे होऊन मागे पडले असतील तर घोडेवाल्याला तसे सांगा, दुसरा घोडा मागा, नाहीतर सरळ पायी चाला.