काट्याचा प्रामाणिकपणा

काटा खोटे बोलतो, असे आपण सहज म्हणून जातो. मग तो तराजूचा असो, घड्याळाचा असो की मोटारसायकलवरचा. पण खोटे बोलायला आधी खरे ठाऊक असावे लागते. काट्याला ते कुठे ठाऊक असते?

माझ्या भाच्याने यंदा गाडीचे पुढचे स्प्रॉकेट बदलले. इंजिनाकडचे हे लहान दातेरी चाक चेनने मागचे चाक फिरवते. १५ दातांच्या जागी त्याने १६ दातांचे बसवले. “मामा, लांबच्या रस्त्याला इंजिन शांत चालतं,” तो म्हणाला. ते खरेच आहे. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत मागचे चाक आता अधिक फिरते. पण त्याच्या गाडीत वेग मोजला जातो गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर, म्हणजे चेनच्या अलीकडे. पलीकडे काय बदलले याची काट्याला वार्ताच नाही. पूर्वी अचूक असलेला काटा आता ६० दाखवतो, तेव्हा गाडी ६४ने धावत असते. १४ दातांचे बसवले असते, तर ती ५६ने धावली असती. काटा बिघडलेला नाही. तो फेऱ्या मोजतो आणि त्या चोख मोजतो. रस्ता त्याने कधी पाहिलेलाच नाही.

मला यात माणसाचे मन दिसते. आपणही आपला वेग आतल्या शाफ्टवरच मोजतो. “मी चांगल्यासाठीच बोललो” हा आपला काटा. पण शब्द समोरच्यापर्यंत पोचतो तो वय, हुद्दा आणि नाते यांच्या साखळीवरून. पंचविशीत धाकट्या भावाला जे बोललो, तेच साठीत सुनेला बोललो, तर आतला आवेग तेवढाच असतो. मधल्या काळात वडीलकीचे दात वाढलेले असतात. शब्द दुप्पट जोराने लागतो आणि आपला काटा मात्र जुनाच आकडा दाखवतो.

मग हेतूला काहीच किंमत नाही काय? आहे. दोष किती, हे हेतूवरून ठरते. पण इजा किती, हे त्यावरून ठरत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या पोराला काट्याच्या निरागसपणाचा काय उपयोग?

पुष्कळ गाड्यांत वेग पुढच्या चाकावर मोजतात. तिथे स्प्रॉकेट बदलले तरी आकडा ढळत नाही, कारण ते चाक रस्त्यावर चालते, पण इंजिनाच्या ताब्यात नसते. आपल्याबरोबर चालणारा, पण आपल्या ताब्यात नसलेला एखादा स्नेही असाच असतो. त्याला विचारावे. अर्थात टायर झिजला की पुढचे चाकही थोडे चुकतेच.

म्हणून मला संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीतली अट फार शहाणी वाटते. काट्याने खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवला तर चालेल. कमी कधीच दाखवू नये. चूक होणारच, हे तिने मान्य केले आहे. पण ती कोणत्या बाजूला व्हावी, हे ठरवून टाकले आहे. माणसानेही स्वतःपुरते एवढेच ठरवावे. आपला शब्द आपल्याला वाटतो त्याहून थोडा अधिक लागला असेल, असे धरून चालावे.

पाडव्याला व्यापारी नवी वही पूजतात. आपल्याही वहीत जमा आपण खुशाल लिहावी. नावेची बाजू मात्र दुसऱ्याला विचारून लिहावी.